घरच्या बर्फाला कोणता फिल्टर?

थंड म्हणजे शुद्ध, अशी आपली एक भाबडी समजूत असते. पाणी उकळले की जंतू मरतात हे आपण शाळेत शिकलो. मग गोठवले तरीही मरत असतील, असे मनाने परस्पर ठरवून टाकले. वास्तविक गोठण्याने काही जंतू मरतात, पण पुष्कळसे नुसते थांबून राहतात आणि बर्फ विरघळला की पुन्हा कामाला लागतात. १८८७ साली न्यूयॉर्कच्या टी. मिचेल प्रुडेन या डॉक्टरांनी विषमज्वराचे जंतू पाण्यात घालून ते पाणी गोठवून ठेवले, आणि शंभराहून अधिक दिवसांनी त्या बर्फात जिवंत जंतू दाखवून दिले. काविळीचा विषाणू तर थंडीला याहूनही कमी दाद देतो. प्रयोगशाळेत विषाणू जतन करावयाचे झाले तर ते गोठवूनच ठेवतात, हे विज्ञान शाखेच्या वाचकांना सांगावयास नको.

घरी बर्फाचे यंत्र घेणाऱ्याने फिल्टर निवडण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी, आणि दुकानात नेमकी हीच कोणी सांगत नाही. रसायनशास्त्र शिकलेल्या, काही वर्षे शिकवलेल्या आणि आता आठ माणसांचे स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या माझ्यासारखीने त्यावर चार शब्द लिहावेत, एवढाच या लेखाचा हेतू.

मी राहते ग्वाल्हेरला, सिटी सेंटर भागात. लग्न होऊन बेळगावहून इकडे आले तेव्हा ग्वाल्हेर म्हणजे लष्करातले मराठी वाडे आणि महाराज बाडा एवढेच ठाऊक होते. सिटी सेंटर त्यामानाने अलीकडची वस्ती: कचेऱ्या, दवाखाने, दुकाने, सदनिका, आणि प्रत्येक गच्चीवर काळ्या टाक्यांची रांग. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळिसावर जातो. बेळगावच्या हवेत वाढलेल्या माणसाला कल्पना यावयाची नाही, पण त्या दिवसांत गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याने दुपारी हात धुववत नाहीत. अशा गावात बर्फाला चैन म्हणणे कठीण आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या जावेच्या मुलीला कावीळ झाली. डॉक्टरांनी विचारले, "गेल्या महिना-दीड महिन्यात बाहेर काय काय घेतलंत?" आता दीड महिन्यापूर्वीचे कोणाला आठवणार? या काविळीचा विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत पंधरा ते पन्नास दिवस जातात. तोवर गुन्हेगार कोण हे विसरलेले असते. उसाचा रस, गोळा, लग्नातले सरबत, यांतले काहीही असेल. सिद्ध काहीच झाले नाही. पोर बरी झाली, पण दोन महिने अभ्यास बुडाला. त्यानंतर भाऊजींनी फर्मान काढले की बाहेरचा बर्फ बंद, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडी बर्फाचे एक छोटे यंत्र घरी आले.

बाहेरच्या बर्फाविषयीची ही धास्ती अनाठायी नाही. कारखान्यातल्या लाद्या मासळी टिकवायला आणि अन्य धंद्यांनाही लागतात, त्यामुळे त्यांचे पाणी पिण्याजोगे असेलच असे नाही. पण लादी फोडून हातगाडीवर आली की ओळखायची कशी? महाराष्ट्रात २०१८ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने खाण्यास अयोग्य बर्फात निळा रंग घालणे सक्तीचे केले ते याचसाठी. रंगाची ही युक्ती मला फार आवडली. चाचणी, प्रयोगशाळा काही नको, नुसते डोळे पुरेत. घरच्या बर्फाला मात्र असा रंग नसतो. तो स्वच्छच दिसतो, पाणी कसेही असो.

यंत्रे मुख्यतः दोन तऱ्हेची. एक ओट्यावर ठेवण्याचे: टाकीत दोन-तीन लिटर पाणी हाताने ओतायचे, त्यात धातूची थंड बोटे बुडतात, आणि आठ-दहा मिनिटांत बोटांभोवती बर्फाची टोपणे जमून खाली पडतात. दुसरे मोठ्या फ्रिजमध्येच बसवलेले: नळाची बारीक नळी मागून आत जाते, विजेवर उघडणारी झडप ठरावीक पाणी साच्यात सोडते, आणि गोठल्यावर तुकडे आपोआप डब्यात पडतात. आमचे पहिल्या जातीचे. खालच्या मजल्यावर शेजाऱ्यांचा फ्रिज दुसऱ्या जातीचा. त्यामुळे दोन्ही प्रकारची कटकट मला जवळून पाहावयास मिळाली.

यंत्र घरी आल्याची बातमी कशी कोण जाणे, पण आठवडाभरात एक फिल्टरवाला दारात हजर. नाव कोणत्या कंपनीचे ते महत्त्वाचे नाही, कारण ही करामत अनेकजण करतात. त्याने दोन ग्लास मांडले, एकात आमचे नळाचे पाणी, दुसऱ्यात त्याच्या आर. ओ. यंत्राचे. दोन्हींत धातूच्या सळ्यांची एकेक जोडी सोडून वीज सुरू केली. मिनिटाभरात नळाचे पाणी तपकिरी, गढूळ, वर फेसाळ साय. दुसरे जसेच्या तसे. "देखिए मॅडम, यही आप बच्चों को पिला रही हैं!" सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

हा देखावा काय आहे ते आपल्यापैकी ज्यांनी विद्युत्-अपघटनाचा प्रयोग केला आहे त्यांनी ओळखलेच असेल. नळाच्या पाण्यात थोडे क्षार असतात, म्हणून त्यातून वीज वाहते. धन बाजूची लोखंडी सळी विरघळू लागते आणि लोहाचा तपकिरी-हिरवट साका तयार होतो. म्हणजे घाण पाण्यातली नसून सळीतली. आर. ओ.च्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्याने वीज वाहतच नाही, मग सळी विरघळणार कशी? मी स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठ आणून त्याच्या 'शुद्ध' ग्लासात टाकले आणि म्हटले, आता चालू करा. तेही पाणी तपकिरी झाले. गृहस्थ समजूतदार होता. चहा घेऊन गेला.

ही हकीकत सांगण्याचे कारण एवढेच की वीज वाहते म्हणजे क्षार आहेत, यापलीकडे तो प्रयोग काही सांगत नाही. फिल्टरवाल्यांच्या खिशात असते ते पेनासारखे टी. डी. एस. मीटरही तेच करते: वाहकता मोजते आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. जंतूंविषयी ते पूर्ण मुके आहे. गटाराचे पाणी मिसळलेल्या पाण्याचाही आकडा चांगला येऊ शकतो. भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा पाणीसाठाच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावे असे म्हटले आहे. दुष्फेनतेसाठी हेच आकडे २०० आणि ६०० आहेत.

तेव्हा आधी आपले पाणी कोठून येते ते पाहावे. ग्वाल्हेरला मुख्य पाणी तिघरा धरणाचे. सांक नदीवरचे हे धरण १९१६ चे. बांधल्यावर दुसऱ्याच वर्षी, १९१७ च्या ऑगस्टमध्ये, ते फुटले आणि खालच्या गावांत मोठी प्राणहानी झाली. पुढे ते पुन्हा उभारले गेले. पुराचे पाणी आपोआप सोडणारी सर विश्वेश्वरय्यांची दारे १९०३ मध्ये पुण्याजवळ खडकवासल्याला प्रथम बसली, ती तिघऱ्यालाही आली आणि पुढे म्हैसूरच्या कृष्णराजसागरलाही. कन्नड मुलखात जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या अभियंत्याची ही एकच युक्ती पुणे, ग्वाल्हेर आणि म्हैसूर अशा तीन ठिकाणी कामी आली. हे आपल्या अंकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांना आवडावे म्हणून जाता जाता सांगितले.

धरणाचे पाणी म्हणजे साठवलेले पावसाचे पाणी. ते सहसा कमी क्षारांचे असते, जसे बेळगावकरांना राकसकोपचे. जमिनीत मुरून खडकांतून आलेले बोअरचे पाणी मात्र वाटेत चुना, मॅग्नेशियम गोळा करीत येते. आमच्या इमारतीत दोन्ही आहेत. नळाला पाणी कमी आले की बोअर सुरू होते, आणि दोन्ही एकाच टाकीत पडतात. बादल्यांच्या काठाला जे पांढरे कंगोरे धरतात ते बोअरचे दान. भर उन्हाळ्यात कधी टँकर येतो. त्याचे पाणी कोठले हे टँकरवालाच जाणे.

आपले पाणी सुफेन की दुष्फेन हे पाहावयास मीटरही नको. स्वच्छ बाटलीत अर्धी बाटली पाणी, त्यात अंगाच्या साबणाचा कीस, आणि जोराने हलवा. फेस टिकला तर सुफेन. नुसतीच चोथ्यासारखी साय आली तर दुष्फेन. हे अर्थातच कपड्याच्या पावडरीने करू नये, ती दोन्हींत फेसाळते.

बर्फात क्षारांचे काय होते ते मोठे गमतीचे आहे. बर्फाच्या स्फटिकात पाण्याचे रेणू इतके नियमबद्ध बसतात की क्षारांना तेथे जागाच नसते. पाणी गोठताना क्षारांना बाहेर ढकलीत जाते. समुद्राचा बर्फ समुद्राच्या पाण्याहून पुष्कळ कमी खारट असतो तो याच कारणाने. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग करून पाहावा: मिठाचे पातळ द्रावण अर्धे गोठू द्यावे, बर्फ वेगळा काढून धुऊन विरघळवावा, आणि दोन्हींची वाहकता मोजावी. आता साध्या ट्रेमध्ये पाणी चहूकडून आत गोठत जाते, तेव्हा ढकललेले क्षार आणि विरघळलेली हवा यांना पळायला वाट राहत नाही, ती मध्यभागी कोंडली जातात. तोच बर्फाच्या पोटातला पांढरा ढग. त्यात बराचसा वाटा हवेचा असतो. म्हणून "आमचा फिल्टर लावा, काचेसारखा बर्फ मिळेल" असे कोणी म्हणाले तर अर्धेच खरे मानावे. फिल्टर हवा काढीत नाही. मात्र बर्फ विरघळल्यावर सरबताच्या तळाशी पांढरे कण दिसतात ते चुन्याचेच. ते निरुपद्रवी असतात, पण पाहुण्याला कोण समजावीत बसणार?

ओट्यावरच्या यंत्रात याच गुणधर्माची दुसरी बाजू दिसते. बर्फ कमी क्षार घेऊन बाहेर पडतो आणि उरलेले क्षार टाकीतच राहतात. आपण वरून नवे पाणी ओततो, तेही आपले क्षार मागे ठेवते. मिठागरासारखाच प्रकार. संध्याकाळपर्यंत टाकीतले पाणी सकाळच्याहून अधिक क्षारयुक्त झालेले असते, आणि थंड बोटांवर पुटे चढू लागतात. कोणताही फिल्टर बसवला तरी रात्री ही टाकी रिकामी करणे चुकत नाही, आणि महिन्यातून एकदा लिंबूफुलाच्या पाण्याने यंत्र चालवून धुणेही.

आता फिल्टर. 'आइस मेकर फिल्टर' म्हणून जे विकतात ते बहुधा सक्रिय कोळशाचे कार्ट्रिज असते, पुढे गाळ अडवणारी जाळी, आणि काहींत पॉलिफॉस्फेटचे काचेसारखे खडे. हॉटेलांच्या मोठ्या बर्फयंत्रांना लावतात तीच ही रचना. कोळसा क्लोरीन आणि वास शोषतो, फॉस्फेट चुन्याला धरून ठेवते म्हणजे पुटे बसत नाहीत. दोन्ही कामे उत्तम. पण ती कोणासाठी? चवीसाठी आणि यंत्रासाठी. पिणाऱ्या माणसाच्या प्रकृतीचे त्यात कोठेच नाव नाही. परदेशी बनावटीच्या कार्ट्रिजवर एन. एस. एफ. ४२ असा शिक्का असेल तर त्याचा अर्थ चव, वास, क्लोरीन यांची तपासणी झाली आहे. ५३ असेल तर शिसे किंवा जंतांच्या गाठींसारख्या प्रकृतीला अपायकारक गोष्टींपैकी ज्या वेष्टनावर लिहिल्या असतील त्यांची. विषमज्वराचा जंतू किंवा काविळीचा विषाणू यांची हमी दोन्हींत नाही. उलट अशा वेष्टनावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते की जंतूंच्या दृष्टीने असुरक्षित किंवा अज्ञात पाण्यावर, पुढे किंवा मागे निर्जंतुकीकरणाची सोय केल्याशिवाय, हा वापरू नये. ज्या देशांत नळाचे पाणी चोवीस तास दाबाखाली आणि निर्जंतुक येते, तेथे हे पुरते. आपल्याकडे पाणी तासभर येते, मध्ये रिकाम्या नळात आसपासची घाण झिरपू शकते, आणि मग ते गच्चीवरच्या टाकीत दिवसचे दिवस बसते.

एवढेच नव्हे तर नुसता कोळसा लावणे क्वचित घातकही ठरते. नगरपालिका पाण्यात क्लोरीन घालते ते वाटेतल्या जंतूंवर पहारा म्हणून. मानकाप्रमाणे नळापाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरावयास हवा. कोळसा हा पहारेकरीच काढून घेतो. त्यापुढच्या नळीत, साच्यात, बर्फाच्या डब्यात जंतूंना रान मोकळे, आणि जुन्या झालेल्या कोळशावरही ते वस्ती करतात. म्हणून कोळशाचे कार्ट्रिज पाणी देत असले तरी सहा महिन्यांनी बदलावे, आणि जंतू मारणारा किंवा अडवणारा टप्पा कोळशाच्या नंतर असावा, आधी नव्हे.

तो टप्पा म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, किंवा पोकळ तंतूंची अतिसूक्ष्म गाळणी, ज्याला बाजारात यू. एफ. म्हणतात. विषमज्वराचा जंतू अर्ध्या मायक्रॉनहून थोडा जाड, म्हणून यू. एफ.मधून जात नाही. काविळीचा विषाणू सुमारे ०.०२७ मायक्रॉनचा, तो काहींतून निसटू शकतो. दिवा दोघांनाही मारतो, पण पाणी नितळ असेल तरच, आणि वीज असेल तरच. दोन्ही एकापुढे एक असली तर उत्तम. क्षार मात्र या दोहोंतून जसेच्या तसे पार होतात.

आर. ओ.विषयी माझे मत जरा परखड आहे. क्षार खरोखरच जास्त असतील तर त्याला तोड नाही. पण धरणाच्या गोड्या पाण्याला ते लावणे म्हणजे एक लिटर पाण्यासाठी सुमारे तीन लिटर मोरीत सोडणे, आणि तेही तिघऱ्याची पातळी खाली गेली की दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात. २०१९ च्या मे महिन्यात राष्ट्रीय हरित लवादाने ५०० मिलिग्रॅमहून कमी क्षारांच्या पाण्यावर आर. ओ.ला मनाई करण्याचे आदेश सरकारला दिले, ते याच उधळपट्टीमुळे. बर्फाच्या यंत्रांपैकी काहींत पाण्याची पातळी वाहकतेवरून ओळखतात. तेथे अतिशुद्ध पाणी घातले तर टाकी भरलेली असूनही यंत्र 'पाणी नाही' म्हणत बसते. पाणी सुफेन करणारे रेझिनचे यंत्र चुना काढून त्याजागी सोडियम देते. पुटे थांबतात, पण एकूण क्षार कमी होत नाहीत. रक्तदाबाच्या माणसाने तेही ध्यानात ठेवावे.

खालच्या शेजाऱ्यांची अडचण वेगळीच निघाली. त्यांच्या फ्रिजच्या पुस्तिकेत नळाला किमान वीस पौंड दाब हवा असे लिहिलेले, आणि वर फिल्टर लावला की आणखी. टाकीच्या पाण्याचा दाब उंचीवर ठरतो: दहा मीटरला सुमारे चौदा पौंड. त्यांची टाकी फ्रिजहून सात-आठ मीटर वर, म्हणजे दहा-अकरा पौंडच. त्यात कोळशाचे कार्ट्रिज बसवल्यावर साच्यात पाणी अर्धेच पडे, तुकडे चपटे येत, आणि झडप नीट न मिटता थेंब थेंब गळत राही. दुकानदार दर खेपेस नवे कार्ट्रिज गळ्यात मारून जाई. दोष कार्ट्रिजचा नव्हताच. शेवटी दाब वाढवणारा छोटा पंप बसवला, दिव्याचा टप्पा कोळशानंतर घातला, आणि बर्फ ताळ्यावर आला. एकमजली घरात, डोक्यावर चार मीटरवर टाकी असलेल्यांनी असा फ्रिज घेण्यापूर्वी हा हिशेब कागदावर करावा.

आमच्याकडे आम्ही ठरवले ते असे. यंत्राला वेगळा फिल्टर नाहीच. नगरपालिकेचे पाणी ज्या दिवशी येते त्या दिवशी ते थेट नळावरून वेगळ्या स्टीलच्या पिंपात भरून घेतो, म्हणजे बोअरचे त्यात मिसळत नाही. पिंपातले पाणी स्वयंपाकघरातल्या साध्या शुद्धकातून जाते: गाळ, कोळसा, यू. एफ., शेवटी दिवा. तेच पाणी पिण्याला, तेच जगाने यंत्रात. टँकर किंवा बोअरवर वेळ आली तर पाणी रात्री उकळतो. एक मिनिट खळखळून उकळले की जंतूंचा प्रश्न मिटतो, आणि दुष्फेनतेपैकी काही भाग भांड्याच्या तळाशी बसतो. सकाळी वरचे निवळलेले पाणी फडक्यातून गाळून वापरावे. गॅस जळतो हे खरे. पण असे दिवस वर्षातून पंधरा-वीस.

बर्फाचा डबा आणि चिमटा रोज साबणाने धुतला जातो, आणि डब्यात हात घालावयाचा नाही असा सासूबाईंचा दंडक आहे. कार्ट्रिज बदलल्यावरचा पहिला दोन वेळचा बर्फ कोळशाच्या भुकटीमुळे करडा येतो. तो कूलरच्या टाकीत जातो. बदलल्याची तारीख मी कार्ट्रिजच्या अंगावरच शाईने लिहून ठेवते. शेजाऱ्यांनीही आता तेच सुरू केले आहे, आणि त्यांचे पुढचे कार्ट्रिज दिवाळीच्या सुमारास येईल.